कु॥ मौजे मजकूर

२०२३ च्या दिवाळीपर्यंत मोडी वाचणाऱ्या माणसाला कोल्हापुरात फारसं कुणी विचारत नव्हतं. इतिहासाचे विद्यार्थी यायचे, एखादा वकील जमिनीच्या दाव्यातला कागद पाठवायचा, वंशावळीचे हौशी दोन-चार. मग मराठा घरांना ओबीसी दाखल्यासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं आणि मंगळवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांची चावडी झाली. दूध घ्यायला दार उघडावं तर बाहेर माणसं उभी. प्लास्टिकच्या पिशवीत कापडी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र, त्यात कागद. निम्म्या वेळा ते कागद म्हणजे सारा भरल्याच्या पावत्या निघायच्या. एकदा तर किराणा दुकानाची उधारी निघाली. तीही मी पूर्ण वाचून दाखवली, कारण पन्हाळ्याहून दोन एसट्या बदलून आलेल्या माणसाला "यात काही नाही" एवढंच सांगून परत पाठवणं बरं वाटत नाही.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय तो डिसेंबरातला शनिवार. करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावाहून पुतण्या आणि त्याची आत्ती असे दोघं आले. तो चोवीस-पंचवीसचा, पोलीस भरतीच्या तयारीतला. पहाटे पळून तसाच आला असावा, बुटांना चिखल होता. ती साठी ओलांडलेली, नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहणारी. कागद तिच्या मांडीवर, लाल रुमालात बांधलेले. पोराच्या हातात ती ते द्यायलाच तयार नव्हती. नंतर कळलं, २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा भावानं टीव्ही उचलला, पुतण्यानं मोटारसायकल बाहेर काढली आणि हिनं कॉटखालची ट्रंक डोक्यावर घेतली. कागदांच्या कडांवर चहाच्या रंगाचे डाग होते, ते त्या पुराचे.

पोरानं आधी मोबाईल पुढं केला. एका कागदाचा फोटो, त्यात शेवटच्या ओळीतल्या दोन अक्षरांभोवती लाल गोल.

"मॅडम, नोंद सापडलीय. तालुक्याला एकानं वाचून दिली. हे बघा, कु. म्हंजे कुणबी. तुमचं फक्त लिप्यंतर आणि सही-शिक्का पायजे."

वाचून देणाऱ्यानं पैसेही घेतले होते. किती, ते पोरानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. शब्द कुठं संपला ते दिसत नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, पूर्णविराम नाही. त्यात लिहिणारा घाईत. मग रोजच्या शब्दांचं पहिलं अक्षर लिहायचं आणि पुढं दोन उभ्या रेघा मारायच्या, की झालं. लिहिणाऱ्याला आणि त्या काळच्या वाचणाऱ्याला ते पुरत होतं. शंभर वर्षांनी त्या दोन रेघांवर कुणाची नोकरी लटकेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

मी मूळ कागद मागितला. आत्तीनं गाठ सोडली. करवीर सरकारचा स्टॅम्प, खाली दाट मोडी, आणि शेवटची ओळ अशी: दस्तुर, मग एक नाव, मग कु॥ मौजे मजकूर.

दस्तुर म्हणजे हातचं अक्षर. मजकूर म्हणजे वर सांगितलेलं. सदर गावच्या कुलकर्ण्याच्या, म्हणजे गावचं दप्तर लिहिणाऱ्या वतनदाराच्या, हातचा हा कागद. बस, एवढंच. लाल गोलातला माणूस पोराचा पणजोबा नव्हताच. तो कागद लिहून देणारा होता.

"पण कु. म्हंजे कुणबी पण होतंय की, मॅडम."

"होतं. कुळही होतं. पण दस्तुरच्या पुढं आणि मौजेच्या मागं बसलेला कु॥ कुलकर्णीच."

सन तपासला. फसली, म्हणजे जुन्या महसुली सनाचं, १३२१. त्यात ५९० मिळवले की १९११ येतं, म्हणजे १९११ च्या मृगापासून पुढचं वर्ष. तेही जुळत होतं. शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं बरखास्त करून पगारी तलाठी नेमले ते १९१८ साली. हाच कागद दहा वर्षांनी लिहिला असता तर ही कु॥ची ओळ आलीच नसती आणि पोराला कुणी फसवलंही नसतं.

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "नुसतं कुणबी लिवा की. कोण बघालंय?"

खोटं कशाला सांगू, रागावले नाही मी. मोडी वाचणारे एवढे थोडे, की माझं वाचन तपासायला दुसरा माणूस मिळणंच मुश्कील. एक अक्षर या बाजूला कललं तर पोराच्या फॉर्मचा रकाना बदलतो. समोरचं पोर मेहनती होतं, उद्धट नव्हतं. पण लिप्यंतराखाली सही माझी असते. ती बघून पुढं तलाठी, प्रांत, पडताळणी समिती सगळे चालतात. आणि एकदा मी कु॥ हवा तसा वाचला की माझे खरे वाचलेले कागदही खोटे पडणार. नाही म्हटलं.

तेव्हा त्यानं विचारलेला प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. "महाराजांनी १९०२ लाच दिलं होतं की आरक्षण. तवा कुणाला पणज्याचा कागद मागितला हुता?"

बरोबर आहे त्याचं. २६ जुलै १९०२ चा तो हुकूम करवीर गॅझेटात छापून आला तेव्हा महाराज विलायतेत होते. नव्यानं भरायच्या जागांपैकी निदान पन्नास टक्के मागासलेल्यांना द्यायच्या, असा तो हुकूम. मजा अशी की मागासलेले कोण याची यादी त्यात नाही. कोण नाहीत ते सांगितलंय: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग. हे सोडून बाकी सगळे. त्यामुळे पणजोबा शोधत फिरायची वेळ उमेदवारावर येत नव्हती. कागदाचं ओझं हुकमानं टाकलं ते खातेप्रमुखांवर. कुणाला नेमलं याचं पत्रक दर तीन महिन्यांनी सरकारकडं पाठवा, असं त्यातच लिहिलेलं. महाराज आपल्या कारकुनांना ओळखून होते. पत्रक मागितलं नसतं तर हुकूम गॅझेटातच राहिला असता.

पोराला हे सांगितलं. त्याला त्याचा उपयोग शून्य. मग उपयोगाचं सांगितलं: गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना चौदा, ती बघ. पुरालेखागारात अर्ज कर. आणि शाळेचं जुनं रजिस्टर काढायला लाव. संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया. त्या भीतीनं कितीतरी घरांतल्या पोरांची नावं पहिल्यांदा कुठल्यातरी वहीत चढली, जातीसकट. तिथं काय लिहिलंय ते मात्र तिथं जे असेल तेच असणार, हेही बजावलं. त्यानं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. उठायलाच लागला होता.

"बाकीच्यात काय लिवलंय?" आत्ती म्हणाली.

तासाभरात तिचं हे पहिलं वाक्य. आणि लाजच वाटली मला, कारण शेवटची ओळ सोडून तो कागद मीही वाचला नव्हता. हल्ली सवयच लागलीय. डोळा कु॥ शोधत पळतो, बाकीचं रान मागं पडतं.

मग वाचला. दीड तास गेला. वाटणीपत्र होतं. तीन भाऊ, त्यातला मधला प्लेगात गेलेला. मोडी कागदात बापाचं नाव 'बिन' लावून सांगतात, बाईला नवऱ्याचं नाव 'कोम' लावून. मधल्याची बायको अमुक कोम तमुक म्हणून तिसऱ्या ओळीत येते आणि मग शेवटपर्यंत कागद सोडत नाही. जमिनीचे तीन तुकडे. माळाकडचा तुकडा तिच्याकडं, तिच्या हयातीपर्यंत. आणि विहीर. विहिरीसाठी कुलकर्ण्यानं पाच ओळी घातल्यात. आठ दिवसांतल्या सहा दिवसांची पाळी दोघा भावांची, दोन दिवसांची मोट हिची, बैल नसतील तर थोरल्यानं द्यावेत. वर्षाला लुगडी दोन. "हरकत करू नये," असं दोनदा. ज्याअर्थी दोनदा लिहिलंय त्याअर्थी बाई पहिल्या वेळेला गप्प बसली नसावी, असं मला आपलं वाटतं.

खाली निशाण्या. दोघा भावांचे नांगर, शेतकऱ्यांचे असतात तसे. आणि त्यांच्या शेजारी एक छोटं वर्तुळ. पोराला ते शाईचा डाग वाटलं होतं.

"बांगडी आहे ती," मी म्हटलं. "बायकांची निशाणी. तिच्यासमोर वाचून दाखवलं आणि मान्य म्हणून बांगडी काढली."

आत्ती वाकून बघत राहिली. "आमच्यात सांगत्यात, त्या म्हातारीला थोरल्यानं जन्मभर फुकट सांभाळली. माझी आजी बी तसंच सांगायची. घरात कुणी जास्त बोललं तर म्हणायचे, त्या म्हातारीगत बसून खाऊ नगंस." थोडा वेळ थांबून म्हणाली, "दोन दिवस पाणी हुतं की तिचं."

रुमालात आणखी एक तुकडा होता. कसरीनं खाल्लेला, तीनच ओळी शिल्लक. त्यावरची तारीख तेवढी लागली: सन सबा समानीन मया व अलफ. अरबी आकडे आहेत, सात, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर सनाचं ११८७, इसवी १७८६-८७. करवीरच्या शेतकऱ्याच्या ट्रंकेतला कागद, लिपी मोडी, साल अरबीत. एरवी मी या तुकड्यावर अर्धा दिवस घालवला असता. त्या दिवशी दोघांनाही त्यात रस नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

पोरगा बाहेर चप्पल-बुटांपाशी थांबला होता. आत्तीनं कागद पुन्हा रुमालात बांधले, गाठ दोनदा मारली. उठली नाही.

"तुझं हे वाचायचं काम फकस्त मोडीच असतंय?"

"म्हणजे, मावशी?"

"माझा बी एक कागद हाय. बारा वर्सं झाली. भावानं गाडीत घालून नेलं, हापिसात अंगठा घेतला, येताना कापशी चप्पल घेऊन दिली. हक्कसोड म्हंत्यात त्याला. मराठीतच हाय म्हंत्यात." तिनं दाराकडं बघितलं. पोरगा बुटाची लेस बांधत होता. "कुणी वाचून दाखवला न्हाई. आणतो म्या, वाचशील?"

बुधवारी या म्हटलं. बुधवारी दुपारी मी मोकळी असते.