ओढ्याने विभागलेले गाव

जर्मनीतील बव्हेरिया आणि थुरिंगिया या राज्यांच्या सीमेवरील म्योडलारॉइट या जेमतेम पन्नास वस्तीच्या खेड्यात आज दिवस घालवला. टानबाख हा एका ढांगेत ओलांडता येईल असा ओढा १८१० पासून राज्यांची सीमा असला, तरी थुरिंगियाकडची शाळा आणि गुत्ता दोन्ही काठांच्या लोकांचा होता. जर्मनीच्या फाळणीनंतर मात्र १९५२ मध्ये लाकडी कुंपण आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. पूर्व जर्मनीत गेलेल्या थुरिंगियाकडच्या लोकांना समोरच्या शेजाऱ्याला हात हलवून अभिवादन करण्याचीही मनाई होती. अमेरिकी सैनिक या गावाला ‘छोटे बर्लिन’ म्हणत. भिंतीचा उरलेला तुकडा आणि टेहळणीचा मनोरा आता संग्रहालयात जपला आहे, पण मी अधिक वेळ ओढ्याकडेच पाहत राहिलो.