६५५३१ बाइटचं पॅकेट

मदरबोर्ड जळाला म्हणून ४८६ मशीनमधलं सामान एका पेंटियम १३३ बोर्डावर चढवलं. हार्ड डिस्क तीच, लिनक्स तेच, २.४ मालिकेचा कर्नल, आणि नेटवर्क कार्डही तेच: डब्ल्यूडी८०१३, आयएसए (जुन्या प्रकारच्या स्लॉटचं), बीएनसीवालं (कोॲक्स केबलच्या गोल जोडणीचं). वर्कशॉपमध्ये कोॲक्स केबल टाकलेली, त्यामुळे हेच कार्ड चालवायचं होतं. ड्रायव्हरला कार्ड सापडलं, पण पिंगला (दुसऱ्या मशीनला हाक मारून बघायची चाचणी) उत्तर नाही. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, एकच तक्रार पुन्हा पुन्हा: बोगस पॅकेट साइझ ६५५३१, स्टेटस एफएफ, पुढचं पेज एफएफ (एफएफ म्हणजे हेक्समध्ये २५५, एका बाइटची कमाल किंमत).

अशा वेळी पहिला संशय आयआरक्यूवर जातो, म्हणजे कार्ड प्रोसेसरला ज्या इंटरप्टने हाक मारतं त्याच्या नंबरवर. या कार्डाचा नंबर ५, आणि ५ वर साउंड कार्डही बसायला बघतं. पण शेजारच्या मशीनवरून पिंग मारला की '/प्रॉक/इंटरप्ट्स'मधला ५ समोरचा आकडा वाढत होता. इंटरप्ट पोचत होता. पोर्टही बरोबर, कारण मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा कायमचा पत्ता) २८० च्या पोर्टांतूनच वाचला जातो आणि तो कार्डावरच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळत होता. राहिली मेमरी.

खरं तर उत्तर त्या ६५५३१ मध्येच आहे. कार्ड आलेल्या प्रत्येक पॅकेटच्या पुढे ४ बाइटचं हेडर ठेवतं: एक स्टेटसचा, एक पुढच्या पेजचा (कार्डाच्या मेमरीतल्या पुढच्या तुकड्याचा), दोन लांबीचे. ड्रायव्हर लांबीतून हे ४ वजा करतो. दोन बाइट एफएफ एफएफ म्हणजे ६५५३५. त्यातून ४ गेले की ६५५३१. इथरनेटचं मोठ्यात मोठं पॅकेट १५१८ बाइटचं. तेव्हा हा केबलचा दोष नव्हे. प्रोसेसर कार्डाची मेमरी वाचतच नाहीये.

डब्ल्यूडी८०१३ वर १६ केबी रॅम असते आणि ती डी०००० ते डी३एफएफएफ या पत्त्यांवर दिसावी लागते. एनई२००० या दुसऱ्या नेटवर्क कार्डाला मेमरीची अशी खिडकी लागत नाही, त्याचा डेटा पोर्टांतून जातो. म्हणून त्याच स्लॉटमध्ये एनई२००० सुरळीत चालतं, आणि चांगलं डब्ल्यूडी कार्ड खराब समजून भंगारात जातं. फार वाईट वाटतं ते बघून.

'/प्रॉक/आयओमेम'मध्ये, म्हणजे कर्नलच्या मेमरी-पत्त्यांच्या यादीत, त्या पट्ट्यात दुसरं कोणीच नव्हतं. त्यावर विसंबू नये. बायोसने लावलेली शॅडो रॅम (त्याच पत्त्यांवर पुढे केलेली बोर्डाची रॅम) तिथे दिसत नाही. सरळ मेमरीच वाचली: डीडी या कमांडने '/डेव्ह/मेम'मधून १०२४ बाइटचे ८३२ ठोकळे सोडून पुढचे १६ घेतले, आणि बाइट आकड्यांत बघायला ते हेक्सडंपला दिले. (८३२ केबी म्हणजेच डी००००.) त्याआधी आयएफकॉन्फिगने इंटरफेस 'अप' करायलाच हवा, कारण ड्रायव्हर कार्डाची खिडकी तेव्हाच उघडतो, नाहीतर चांगल्या मशीनवरही कार्डाची मेमरी दिसणार नाही. इथे इंटरफेस चालू असूनही सगळीकडे एफएफच.

बायोसमध्ये 'डी००००-डी३एफएफएफ शॅडो' चालू होतं. म्हणजे त्या पत्त्यावर विचारलेलं कार्डापर्यंत न जाता बोर्डाच्या रॅममधूनच परत येत होतं. ते बंद केलं, पुन्हा वाचलं. तरीही एफएफ. मग बायोसच्या पीएनपी/पीसीआयच्या (नव्या प्रकारच्या स्लॉटांच्या) पानावर गेलो. तिथे 'यूज्ड मेम बेस ॲड्रेस' रिकामं होतं. नुसत्या आयएसए बोर्डावर हे सांगावं लागत नाही, पण पीसीआय बोर्डाला हा पट्टा आयएसएसाठी राखायला सांगावं लागतं. बेस डी००० (बायोस इथे डी०००० चं शेवटचं शून्य लिहीत नाही), लांबी १६के. सेव्ह करून रीबूट.

या वेळी हेक्सडंपमध्ये एफएफची भिंत नव्हती. वेगवेगळे बाइट होते, त्यांत शेजारच्या मशीनचा मॅक ॲड्रेस दिसत होता. ड्रायव्हरचं मॉड्यूल मात्र पत्ता स्पष्ट देऊनच चढवायचं ठरवलं: आयओ २८०, आयआरक्यू ५, मेम डी००००.

साध्या ५६ बाइटच्या पिंगवर काम झालं असं मानू नये. १४७२ बाइटचा पिंग १५०० ची पूर्ण चौकट भरतो. तो अर्धा तास चालवला, एकही पॅकेट गळलं नाही. मग एक मोठी फाइल इकडून तिकडे नेऊन दोन्हीकडचा एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवला.

बायोसच्या सेटिंग जपणारी बोर्डावरची बॅटरी, सीआर२०३२, मीटरवर ३ व्होल्टच्या बरीच खाली होती. ती गेली असती तर बायोसच्या दोन्ही सेटिंग पुसल्या जाऊन हेच ६५५३१ परत आलं असतं. बॅटरी बदलली, सेटिंग पुन्हा भरल्या आणि त्या दोन ओळी कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवल्या.