आमची वाटचाल : प्रणालीची आकृती कोणत्या पद्धतीने काढायची, हे आम्ही कसं ठरवतो

आम्ही दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) यांवरून दर, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्य आणि उचल यांची कपात, दिवाळीचा दर फरक, असं हे काम. कोडला हात लावण्याआधी या सगळ्याची आकृती काढावी लागते. ती कोणत्या पद्धतीने काढायची, हा प्रश्न फर्मच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने समोर आला.

पहिला टप्पा डीएफडीचा, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते ते दाखवणाऱ्या डेटा फ्लो डायग्रामचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेली ही पद्धत : वर्तुळात प्रक्रिया, बाणावर माहिती, दोन आडव्या रेघांमध्ये साठा. संस्थेच्या सचिवांना ती लगेच वाचता येते, ही तिची मोठी ताकद. पण बाण फक्त काय जातं ते सांगतो. केव्हा जातं आणि कोणत्या अटीवर जातं, ते सांगत नाही. नवा दर आज संध्याकाळच्या पाळीपासून लावायचा की उद्या सकाळपासून, याला डीएफडीत जागाच नाही. ही गोष्ट आकृतीत आली नाही की ती प्रोग्रामरच्या अंदाजावर जाते आणि अंदाज चुकला की सगळ्या गावाचं बिल चुकतं.

दुसरा टप्पा ईआर (एन्टिटी-रिलेशनशिप) आकृतीचा, म्हणजे कशाकशाची नोंद ठेवायची आणि त्या नोंदींचं आपसातलं नातं काय, ते दाखवणाऱ्या आकृतीचा. पीटर चेन यांनी ती १९७६ साली मांडली आणि माहितीच्या रचनेसाठी आमचा भर आजही तिच्यावरच आहे. दरपत्रकाचंच घ्या. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ७.५ ते ९.०, दोन्ही ०.१ च्या टप्प्याने घेतले, तर २१ ओळी आणि १६ रकाने, म्हणजे ३३६ घरं होतात. असं प्रत्येक दरपत्रक ठरावीक तारखेपासून आणि पाळीपासून लागू होतं. संकलनाच्या नोंदीत फक्त रक्कम ठेवली, तर रोजचं काम बिनबोभाट चालतं. अडतं ते दिवाळीला. दर फरक वाढीव दराने द्यायचा ठरला, तर प्रत्येक नोंदीचं फॅट, एसएनएफ आणि तेव्हाचा दरपत्रक क्रमांक हाताशी लागतो. ईआर आकृतीत 'संकलन' आणि 'दरपत्रक' यांच्यातली रेघ काढताना हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

तरी ईआर आकृतीलाही एक आंधळी जागा आहे, ती म्हणजे एकक. 'दूध' असा गुणधर्म लिहिला, पण किलो की लिटर हे लिहिलं नाही, तर आकृती नियमात बसते आणि अर्थाने चुकते. काटा वजन किलोत देतो, दर लिटरला असतो. दुधाची घनता साधारण १.०३ धरली, तर १०० किलो म्हणजे सुमारे ९७.१ लिटर. शेकड्याला जवळजवळ तीन लिटरचा फरक एका न लिहिलेल्या शब्दामुळे पडतो. म्हणून आकृती नियमाप्रमाणे आहे का, खरी आणि पूर्ण आहे का, वाचणाऱ्याला कळते का, या तीन तपासण्या आम्ही वेगवेगळ्या करतो. पहिली तपासणी टूल करतं. दुसरी फक्त काम जाणणारा माणूस करू शकतो.

यूएमएल ही सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची एक सामाईक भाषा. १९९७ साली ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती मानक म्हणून स्वीकारली. तिच्या २.५ आवृत्तीत १४ प्रकारच्या आकृत्या आहेत. आमच्या कामाला तीन लागतात : क्लास (घटक आणि त्यांची नाती), सिक्वेन्स (कोण कोणाला कोणत्या क्रमाने निरोप देतं) आणि स्टेट (एका गोष्टीच्या अवस्था). यातली स्टेट आकृती छोट्या फर्मा उगाच टाळतात. बिलाच्या अवस्था मांडून बघा : कच्चं, तपासलेलं, मंजूर, बँकेत पाठवलेलं, जमा. प्रत्येक अवस्थेतून बाहेर कुठे कुठे जाता येतं, हे विचारलं की 'बँकेतून परत आलेलं' ही सहावी अवस्था सापडते, कारण कोणाचा तरी खाते क्रमांक चुकलेला असतोच. क्लास आकृतीतला पोकळ चौकोनी हिरा, म्हणजे 'हा त्याचा भाग' असं सुचवणारं चिन्ह, मात्र आम्ही वर्ज्य केला आहे. त्याचा नेमका अर्थ मानकानेच मोकळा सोडलाय, आणि साध्या रेघेने जे कळतं त्यापेक्षा तो जास्त काही सांगत नाही.

कामाच्या क्रमासाठी बीपीएमएन, म्हणजे कामाच्या पायऱ्या आणि वाटा दाखवणारी चिन्हपद्धत. २.० आवृत्ती २०११ साली आली, चिन्हं ढीगभर आहेत. आम्ही दहाएक ठेवली. सर्वांत महागडी चूक गेटवेच्या, म्हणजे वाटा जिथे फुटतात किंवा जुळतात तिथल्या चिन्हांच्या, जोडीत होते. फॅट मशीन चालू असेल तर मशीनने, बंद असेल तर हाताने तपासणी : इथे फुलीचा गेटवे लागतो, कारण दोनपैकी एकच वाट घ्यायची आहे. पुढे वाटा जोडताना कोणी अधिक (+) चिन्हाचा, म्हणजे सगळ्या वाटा एकदम घेणारा, गेटवे ठेवला, तर तो दोन्ही वाटांची वाट बघत बसतो आणि प्रक्रिया तिथेच अडकते. उलट, अधिकने फोडून फुलीने जोडलं, तर पुढचं काम दोनदा होतं, आणि ते काम बिलाचं असेल तर बिल दोनदा निघतं. आकृती दिसायला दोन्ही वेळा नीटनेटकीच असते.

दराचे नियम बीपीएमएनमध्ये कोंबू नयेत. गाय की म्हैस, फॅट ठरलेल्या मर्यादेखाली का, दूध नासकं का, असे तीन प्रश्न गेटवेने दाखवायला गेलं की पानभर जाळं होतं. निर्णय तक्त्यात, म्हणजे अटींची प्रत्येक जोडी एकेका ओळीत मांडणाऱ्या कोष्टकात, तेच आठ ओळींत बसतं, आणि एखादी जोडी राहून गेली तर रिकामी ओळ लगेच दिसते.

नवी पद्धत घ्यायची की नाही, हे ठरवायला आता आमच्याकडे पक्की चाचणी आहे. प्रसंग दोन : 'संकलन ते बिल' आणि 'पशुखाद्य विक्री ते कपात'. माणसांचे चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटात निदान एक जण सॉफ्टवेअरबाहेरचा. पहिला गट पहिला प्रसंग जुन्या पद्धतीत वाचतो, दुसरा प्रसंग नव्या पद्धतीत. दुसऱ्या गटाचं नेमकं उलट. ही अदलाबदल केली नाही तर नंतर वाचलेली पद्धत नेहमीच सोपी भासते, कारण तोवर विषय कळलेला असतो.

प्रश्न बारा. चार थेट आकृतीतून वाचायचे. चार विचार करून सोडवायचे, उदाहरणार्थ, 'दहाव्या दिवशी संध्याकाळी मशीन बंद पडलं तर बिल कधी निघेल?' आणि चार असे की त्यांचं उत्तर आकृतीत मुळीच नाही. तिथे 'यावरून सांगता येत नाही' हेच बरोबर. हे शेवटचे चार आमच्या लेखी सर्वांत मोलाचे, कारण कोणत्या पद्धतीत वाचणारा पदरचं घालतो ते त्यांतून उघड होतं. वेळ आणि चुका दोन्ही लिहून ठेवायच्या. नुसतं 'समजलं का?' विचारू नये. माणसं भिडेखातर हो म्हणतात.

चाचणी फसण्याचं मुख्य कारण म्हणजे दोन आकृत्यांत सारखी माहिती नसणं. एकीत पाळी लिहिली आणि दुसरीत राहिली, की तुलना पद्धतींची न राहता आकृती काढणाऱ्यांची होते. म्हणून आधी विधानांची यादी करायची, दोन्ही आकृत्यांवर एकेक विधान खूण करून तपासायचं, आणि हे काम तिसऱ्याच माणसाने करायचं. कागदही दोन्हींसाठी एकच, ए-थ्री, रंगाविना.

वाचून झालं की बदलाची परीक्षा. 'म्हशीच्या दुधाला वेगळं दरपत्रक, तेही फक्त सकाळच्या पाळीला' असा बदल द्यायचा आणि आकृतीत किती ठिकाणी हात लावावा लागला ते मोजायचं.

सगळ्यात शेवटी मत विचारायचं : उद्यापासून ही पद्धत वापराल का? अशा पद्धतींचे अभ्यासक डॅनियल मूडी यांनी २००३ साली पद्धत प्रत्यक्षात किती उपयोगी पडते आणि ती वापरणाऱ्याला किती उपयोगी वाटते, हे वेगळं मोजायला सांगितलं, ते आम्हाला मनापासून पटलं आहे. कारण गुणांत सरस ठरलेली पद्धतही टीमला किचकट वाटली की आकृत्या महिन्याभरात शिळ्या होतात. अशी पद्धत आम्ही घेत नाही. सध्या सचिवांसमोर डीएफडी आणि निर्णय तक्ता जातो. ईआर, स्टेट आणि छाटलेलं बीपीएमएन आमच्या टेबलावर राहतं, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि दरपत्रक क्रमांक असतो.