टकाचोराच्या शेपटीमागे: बोरिवलीचे जंगल ते काळा घोडा

मागच्या वर्षी शहरातील एका चित्रप्रदर्शनात फुललेल्या पळसावर बसलेला काळापांढरा मॅगपाय पाहिला आणि त्या चित्रापुढून माझे पाय निघेनात. कौतुकामुळे नव्हे, तर अस्वस्थतेमुळे. हा पक्षी युरोपात घरांच्या आसपास सर्रास दिसतो, आपल्याकडे त्याला पाहायचे तर लडाख गाठावे लागते, आणि मुंबईच्या पळसावर तो बसण्याचा काही संबंधच नाही. चित्रकाराने पळस स्वतः पाहिला होता, पक्षी मात्र परक्या छायाचित्रावरून उचलला होता. वास्तविक मॅगपायच्याच कावळाकुळातला, तितकाच लांब शेपटीचा आणि तितकाच आगाऊ टकाचोर लोकलच्या तिकिटात भेटू शकतो. तेव्हा सकाळी जंगलात टकाचोर पाहायचा, जमेल तेवढा रेखाटायचा आणि दुपारी संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रकारांनी पक्षी कसे हाताळले ते पाहायचे, असा एका दिवसाचा बेत मी फेब्रुवारीच्या मध्यावर आखला. शाळेत मी चित्रकला शिकवत असताना वर्गात असलेली एक विद्यार्थिनी, आता कला महाविद्यालयात शिकणारी, सोबत आली.

दादरहून पहाटेची बोरिवली लोकल गर्दीच्या उलट दिशेला जात असल्याने बसायला जागा मिळते. बोरिवलीला पूर्वेकडे उतरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटे लागतात. उद्यान सोमवारी बंद असते. बाकी वेळा आणि शुल्क बदलत असल्याने निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. कान्हेरी लेणी प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किमी आत आहेत आणि तिथपर्यंत वाहनाची सोय होते, पण जाताना तरी पायीच जावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण टकाचोर आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, आणि गाडीच्या आवाजात त्यातले काहीच पदरी पडत नाही.

त्याचा आवाज ओळखण्यात नवशिक्यांची फसगत होते. एका क्षणी घशात खडे घोळवल्यासारखी कर्कश खरखर येते आणि दुसऱ्या क्षणी त्याच झाडातून ‘को-की-ला’ अशी तीन सुरांची गोड शीळ येते, तेव्हा दोन वेगळे पक्षी आहेत असे वाटते. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. मग रस्त्यालगतच्या काटेसावरीवर, पाने गळालेल्या फांद्यांवर लालभडक फुले असताना, एक टकाचोर फुलाच्या पेल्यात डोके खुपसून लटकलेला दिसला. फळे, किडे, सरडे, फुलांतला रस, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले, यांतले त्याला काहीही चालते. चितळ-सांबरांचा वावर असलेल्या जंगलांत तो सांबराच्या अंगावरच्या गोचिडीही टिपतो. सावर आणि पांगारा फुललेले असताना पानांचा आडोसा कमी असतो, म्हणून फेब्रुवारी ते मार्चचा पूर्वार्ध हा रेखाटनासाठी मला सर्वांत सोयीचा काळ वाटतो.

आमची खरी परीक्षा यापुढे सुरू झाली. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हा पक्षी जवळजवळ ५० सेमी भरतो आणि त्यातली साधारण निम्मी लांबी नुसत्या शेपटीची असते. सवयीप्रमाणे डोक्यापासून सुरुवात केली, तर शेपटीला कागद उरत नाही. दुसऱ्या रेखाटनाच्या वेळीही तेच झाले तेव्हा सोबतीण वैतागून म्हणाली, “बाई, याची शेपटी कागदात मावतच नाही.” मी तिला वही तिरकी धरून आधी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच हलकी रेघ मारायला सांगितली, त्या रेघेवर धड कुठे संपते त्याची खूण करायची आणि मगच डोक्याकडे वळायचे. ही युक्ती लांब शेपटीच्या कोणत्याही पक्ष्याला लागू पडते, मॅगपायलाही.

रंगांबाबत एक सावधगिरी हवी. डोके, मान आणि छाती धुरकट काळपट, अंग तांबूस, पंखावर राखाडी-पांढरा पट्टा, शेपटी राखाडी आणि टोकाशी काळी, हे सारे पुस्तकातही मिळते. पुस्तकात सहसा न कळणारी गोष्ट म्हणजे शेपटीची पिसे एका लांबीची नसतात. मधली जोडी सर्वांत लांब आणि बाहेरच्या जोड्या पायरीपायरीने आखूड असतात, प्रत्येक पिसाचे टोक काळे असते, आणि म्हणून फांदीवर बसलेला पक्षी खालून पाहिला की काळ्या टोकांची उतरंड दिसते. उडताना तो भराभर पंख मारतो, मग पंख आणि शेपटी पसरून थोडा तरंगतो, आणि त्याच क्षणी ही उतरंड पंख्यासारखी उलगडते. दुर्बीण असेल तर डोळा या तरंगण्यावर ठेवावा. दुर्बीण ८ × ४२ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची, पुरते. त्याहून जास्त शक्तीची हातात थरथरते.

राजस्थानातील रणथंबोरला टकाचोर पर्यटकांच्या हातावर येऊन बसतात आणि तशी छायाचित्रे पुष्कळ फिरतात. त्यांवरून चित्र काढू नये असे माझे मत आहे. खाण्याच्या आशेने हातावर तोल सावरणाऱ्या पक्ष्याची ठेवण निराळी, झाडावर आपल्या कामात असलेल्याची निराळी. बोरिवलीत तर कोणत्याच प्राण्याला खाऊ घालू नये. कान्हेरीच्या पायऱ्यांवर माकडे पिशवीवर झडप घालतात, त्यामुळे डबा आणि रंगपेटी बंद सॅकमध्येच असावी. आमचे एक केळे तेवढे गेले.

कान्हेरीजवळ एका उंबरावर शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी येऊन बसला आणि दोन टकाचोरांनी त्याच्याभोवती थयथयाट मांडला. एक फांदीवर पुढे वाकून, चोच वासून ओरडत होता, दुसरा पंख पसरून वरून झेपावत होता. शिक्रा मान फिरवून नुसता पाहत राहिला आणि थोड्या वेळाने उडून गेला. मला त्या क्षणी चीनमधील चित्रकार छ्वे बाय याने १०६१ मध्ये रेशमावर काढलेले चित्र आठवले. त्यातही दोन मॅगपाय एका सशावर ओरडत आहेत, एक फांदीवरून आणि एक हवेतून, आणि ससा मागे वळून पाहतो आहे. मूळ चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे, पण त्याची छपाई पाहूनही कळते की चित्रकाराने हे भांडण कुठेतरी उभे राहून पाहिले असणार. उलट क्लोद मोने याच्या १८६८-६९ च्या बर्फाच्या चित्रात मॅगपाय फाटकावर एवढासा आहे, आणि तरी सगळे पांढरे चित्र त्या काळ्या ठिपक्यावर तोललेले आहे. पक्षी मोठा काढला म्हणजे चित्र पक्ष्याचे होते असे नाही.

परतताना झुडपात दयाळ दिसला. इंग्रजीत त्याला मॅगपाय रॉबिन म्हणतात, पण मॅगपायशी त्याचे नाते केवळ काळ्यापांढऱ्या रंगाचे. तो माशीमार पक्ष्यांच्या कुळातला आहे. गंमत अशी की, ‘टका’ नावात बाळगणाऱ्या आपल्या पक्ष्याला नोटेवर जागा नाही आणि बांगलादेशाच्या दोन टक्यांच्या जुन्या नोटेवर मात्र त्यांचा राष्ट्रीय पक्षी असलेला दयाळ बसलेला होता. चोरीचा आळ तर मॅगपायवरही आहे. चकाकत्या वस्तू तो पळवतो हा समज युरोपात फार जुना. एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये तो तपासला, तेव्हा पक्षी अशा वस्तूंना बिचकतानाच आढळले.

साडेअकराच्या सुमारास चर्चगेटकडे जाणारी गाडी बऱ्यापैकी मोकळी मिळते. चर्चगेटहून काळा घोडा परिसर चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तिथल्या, १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आधी निसर्गविज्ञानाचे दालन पाहावे आणि नंतर लघुचित्रांचे. पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून पिसांची मांडणी, चोचीची जाडी, पायांचे खवले निवांत अभ्यासता येतात. ठेवण मात्र पेंढा भरणाऱ्याची असते, ती उचलू नये. लघुचित्रांत पक्षी बहुधा एका बाजूने, सपाट पार्श्वभूमीवर दिसतो, पण पाय फांदीवर ज्या वजनाने टेकलेले असतात ते पाहण्यासारखे आहे. कॅमेरा किंवा वही आत नेण्याबाबत दाराशीच विचारून घ्यावे. शाई आणि रंग नेऊ नयेत, पेन्सिल पुरते.

सोबतीण एका चित्रापुढे फार वेळ बसली. उठली तेव्हा तिने सकाळचे पान उघडून टकाचोराचे पाय खोडले होते आणि बोटे फांदीभोवती पुन्हा काढली होती. शेपटी अजून कागदाबाहेरच होती. तिचा उरलेला तुकडा तिने शेजारच्या पानावर नेला होता.