करप्याचं औषध उशिरा पडतं

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या भातखाचरांत पावसाळ्यात हमखास ऐकू येतं, "ट्रायसायक्लाझोल मारलं, तरी करपा थांबेना." औषध बरेचदा चांगलंच असतं. चुकते ती वेळ.

करप्याची बुरशी म्हणजे मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचा तीन कप्प्यांचा बीजाणू ओल्या पानावर पडला, की टोकातून चिकट द्रव सोडून तिथेच घट्ट बसतो. साधारण २ तासांत अंकुर निघतो. खालचा पृष्ठभाग कडक आणि मेणचट आहे, एवढी खूण पटली की पेशीतला सायक्लिक एएमपीचा संदेश आणि पीएमके१ नावाचं एन्झाइम कामाला लागतं. मग अंकुराच्या टोकाला एक घुमट फुगतो, अप्रेसोरियम. घुमटाच्या भिंतीला मेलॅनिनचा काळा थर चढतो, आत ग्लिसरॉल साठतं. थरामुळे ग्लिसरॉल बाहेर झिरपत नाही, पाणी मात्र आत ओढलं जातं. दाब ८० बारपर्यंत चढतो. (मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते!) या जोरावर घुमटाच्या तळातून बारीक खुंटी निघते आणि पानाची साल भेदते. बीजाणू पडल्यापासून इथवर जेमतेम एक-सव्वा दिवस.

ट्रायसायक्लाझोल बुरशीला मारत नाही, मेलॅनिन तयार करणारं एन्झाइम अडवतं. थर नाही, म्हणून दाब नाही, म्हणून साल फुटत नाही. पण खुंटी एकदा आत गेली की बुरशीला मेलॅनिनची गरजच उरत नाही. आत ती एसएलपी१ हे प्रथिन सोडते. बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनचे तुकडे हेरून भात सावध होतो. हे प्रथिन ते तुकडे आधीच धरून ठेवतं. चार-पाच दिवस पान हिरवंगार दिसतं. मग डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपके उमटतात, तेव्हा त्या पानापुरता खेळ संपलेला असतो. फवारणी वाचवते ती पुढची पानं आणि लोंबी.

म्हणून पहिली फवारणी मोजके ठिपके दिसताच, आणि पुढची पोटरीत, लोंबी बाहेर पडण्याआधी. ट्रायसायक्लाझोलची ७५ टक्के पावडर लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ९ ग्रॅम, सोबत स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रावण. पोटरीतली फवारणी चुकवू नये: लोंबीची मान काळी पडून मोडली तर दाणा भरतच नाही. युरियाचा हात सैल सोडला असेल तर पान लुसलुशीत होतं आणि करपा जास्तच बोकाळतो.

पान टोकाकडून, कडेने वाळत येत असेल तर तो कडा करपा. तो जिवाणूंचा रोग, त्यावर हे औषध वाया.

निफाडकडच्या गव्हावरच्या तांबेऱ्याचंही तेच. पानावरचा नारिंगी तांबेरा साल फोडत नाही, पर्णरंध्रातून आत शिरतो. तिथे मेलॅनिन अडवून उपयोग काय? प्रोपिकोनाझोल लिटरला १ मिली घ्यावं. ते बुरशीच्या पेशीपटलातलं एर्गोस्टेरॉलच बनू देत नाही.