चार भेंड्यांचे काय करायचे?

बाजारातून एकदम अर्धा किलो भेंडी आणण्याची सवय असलेल्या माणसाला घरच्या झाडांवरून एका दिवशी चारच भेंड्या निघाल्या, तर त्यांचे काय करायचे ते सुचत नाही. या उन्हाळ्यात पुण्यातल्या आमच्या गच्चीवर भाजी लावताना मी पाण्याचा, खताचा, उन्हाचा विचार केला होता. या प्रश्नाचा मात्र केला नव्हता. आज चार, परवा पाच, आणि साठवू म्हणून झाडावर राहू द्याव्यात तर त्या जून होऊन विळीलाही दाद देत नाहीत. शेवटी सासूबाईंनी त्या चारही भेंड्या चिरून तेलावर खरपूस परतल्या आणि ताकाच्या कढीत सोडल्या. पाच जणांच्या वाटीत प्रत्येकी तीन-चार तुकडे आले आणि माझी लेक ते मोजून खाऊ लागली.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यांत भेंडी, गवार आणि दुधी, तर फळांच्या क्रेटमध्ये लाल माठ पेरला. टोमॅटो माझ्या हट्टामुळे आला. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकला, तशी स्लॅबची धग मुळांपर्यंत पोहोचू नये म्हणून डब्यांखाली विटा सरकवल्या, वर हिरवी जाळी बांधली, आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडे आणून, ती आधी कडकडीत वाळवून (नाहीतर मुंग्यांना आमंत्रणच) मातीवर पसरली. लाल माठाला या उन्हाचे काहीच वाटले नाही. महिन्याभरात तो कापणीला आला. पाने लसणीच्या फोडणीवर गेली आणि कोवळे देठ मुगाच्या डाळीत, वर ओले खोबरे. टोमॅटोने मात्र मला तोंडघशी पाडले. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर राहू लागले की त्याची फुले फळ न धरताच गळतात, आणि आधी धरलेली फळेही तीव्र उष्णतेत नीट लाल न होता नारिंगीच राहतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले.

खरी शिकवणी दुधीने घेतली. वेल मांडवभर पसरला, फुलेही भरपूर आली, पण बोटाएवढे कोवळे दुधी चार दिवसांत पिवळे पडून गळत. पाणी कमी पडते असे समजून मी ते वाढवत राहिले. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांचे परागीकरण प्रामुख्याने रात्रीचे पतंग करतात. तिसऱ्या मजल्यावर ते पाहुणे फारसे फिरकत नव्हते. तेव्हापासून दिवेलागणीला गच्चीवर जाणे हा घराचा नेमच झाला. लांब देठाचे नर फूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ज्या मादी फुलाच्या बुडाशी इवलासा दुधी दिसतो, त्याच्या मध्यभागी परागकण हलकेच टेकवायचे. हे काम लेकीने माझ्याकडून काढून घेतले, कारण माझा हात जड आहे असे तिचे मत. फळ धरले की फळमाशीने डंख मारू नये म्हणून त्यावर कागदी पिशवी चढवायची, हे काम सासऱ्यांचे.

असे पाच दुधी मिळाले. पहिल्याची भाजी झाली, सालीची तीळ घालून चटणी झाली, आणि बिया कोवळ्या असल्याने टाकायला जवळजवळ काही उरलेच नाही. एवढ्या खटपटीत पैसे वाचले का, असे शेजारी विचारतात. नाही वाचले, चिपाडे सोडली तर फुकट असे काहीच नव्हते.

पाचवा दुधी बियाण्यासाठी वेलावरच ठेवला आहे. साल कडक झाली आहे, हिरवा रंगही उतरला आहे. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणारा प्रत्येक जण आता तो कानाशी धरून हलवून पाहतो. आतल्या बिया अजून वाजत नाहीत.