वळीव ते हस्त: ओलीच्या दिवसांतलं घर

बेळगावच्या पावसाळ्याबद्दल बोलताना आधी विचारावं लागतं, बेळगाव म्हणजे नेमकं कुठलं? मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला आणि जांबोटीला घाटमाथ्याचा पाऊस पडतो, भिंतीला हात लावला तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत गार आणि ओलसरच लागते. अथणीकडे गेलं की तोच जिल्हा, पण कोरडं रान, शाळूचा मुलूख. खाली लिहिलंय ते मधल्या पट्ट्यासाठी: खानापूर, बेळगाव, उचगाव, येळ्ळूर, कंग्राळी आणि थोडं निपाणी-चिकोडीकडे. इथे घर कोरडं ठेवण्याला दोनच मोकळ्या खिडक्या मिळतात. पहिली वळीव सुरू झाल्यापासून मृग नक्षत्रापर्यंत, दुसरी हस्त संपता संपता पडणाऱ्या उन्हात. या दोन्हींत जे काम करायचं त्याची अदलाबदल झाली की वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

सुरुवात डोक्यावरून. कौलारू घराची शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं परतून छप्पर नीट करणं, अक्षय तृतीयेच्या आसपास उरकावी. 25 मेला रोहिणी लागली की माणसं कोरड्या मातीतल्या धूळवाफ पेरणीला जातात, मग कौलं परतायला जाणता गडी मिळत नाही. मिळाला तरी घाईत असतो, आणि घाईत चढलेला माणूस दहा कौलं बदलतो आणि पंधरा फोडतो.

एप्रिल-मेचा वळीव ही फुकटची चाचणी आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. पाऊस पडत असतानाच विजेरी घेऊन घरभर फिरावं. जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर खडूने खूण करावी आणि वर वाशावर ओल दिसते तिथे दुसरी खूण. कौल फुटलेलं असतं ते थेंबाच्या बरोबर वर बहुधा नसतं. पाणी रिपेवर, म्हणजे कौलाखालच्या आडव्या पट्टीवर उतरतं, वाशावरून खाली ओघळतं आणि गाठ किंवा खिळा भेटला की तिथून टपकतं. त्यामुळे शोध थेंबापासून आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या दिशेने, चढावर घ्यायचा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. आमच्याकडे वळीव बहुतेकदा पूर्वेकडून चढून येतो आणि मृगानंतरचा पाऊस पश्चिमेच्या वाऱ्यावर. वळवात पूर्वेचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, गळलं नाही म्हणून छप्पर चांगलं, असं धरून बसलं की जुलैत पश्चिमेची बाजू दगा देते. पश्चिमेचं पाखं न गळताही उतरवून बघावंच.

मंगळुरी कौल साधारण 16 इंच लांब, 10 इंच रुंद, वजनाला अडीच किलोच्या आसपास. 100 चौरस फुटांच्या एका ब्रासला 140 च्या आसपास कौलं लागतात. 1865 साली मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात या कौलाला सुरुवात झाली. खानापूरची माती कौलाला चांगली, त्यामुळे तिथल्या कारखान्यांचं कौलही या भागात भरपूर चढलं. इथेच एक घोटाळा होतो. दोन कारखान्यांची कौलं लांबून सारखी दिसतात, पण बाजूच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. वरून छप्पर सपाट दिसतं आणि मध्ये करंगळीच्या नखाएवढी फट राहते. वाऱ्याचा पाऊस तेवढ्यातून आत येतो. म्हणून कौल उलटं करून मागची छाप बघावी आणि एका छापाची कौलं एकाच पाखावर ठेवावीत. नवीन आणलेली एका बाजूला सलग चढवायची, तिथून निघालेली जुनी चांगली कौलं दुसऱ्या बाजूच्या जागा भरायला वापरायची. काम थोडं वाढतं, पण पुढची पाच-सात वर्षं निवांत जातात. रिपा बदलायच्या असतील तर आणलेल्यांतली दहा कौलं आधी अंगणात एकाखाली एक लावून अंतर मोजावं. साधारण 12 ते साडेबारा इंच येतं, पण छापाप्रमाणे थोडं सरकतं.

प्रत्येक कौल चढवण्याआधी बोटाच्या पेराने वाजवावं. चांगलं कौल खणखणतं. केसाएवढी चीर असेल तर आवाज बद्द येतो, ते बाजूला काढावं, परड्यातल्या वाफ्याच्या कडेला लावायला उपयोगी पडतं. शेवाळ असेल तर ते मे महिन्यात वाळलेलं असताना काथ्याच्या किंवा नारळाच्या शेंडीच्या ब्रशने काढायचं. तारेचा ब्रश नको. त्याने भट्टीत भाजून कडक झालेली वरची कातडी खरवडली जाते आणि कौल पाणी प्यायला लागतं. आढ्यावरच्या कौलांना नुसत्या सिमेंटचा जाड थर देण्याची पद्धत पडलीय, ती मनापासून नको वाटते. उन्हाने कौलं आणि लाकूड हलतात, सिमेंट हलत नाही, दोन उन्हाळ्यांत तडा जातो. चुन्याचा भाग जास्त आणि सिमेंट थोडं असं कालवलं तर जोड टिकतो. छपरावर चालताना कौलावर सरळ पाय न देता शिडी आडवी टाकून तिच्यावरून फिरावं.

पागोळ्या पडतात ती जमीनही याच दिवसांत बघायची. मातीवर पागोळी पडली की चिखल उडून भिंतीचा खालचा दोन फूट भाग सतत भिजतो, आणि जांभ्याची किंवा मातीची भिंत तो ओलावा वर ओढते. पागोळीच्या रेषेत दीड फूट रुंद पट्ट्यात खडी टाकावी. घराभोवतीची जमीन भिंतीकडून बाहेर दर फुटाला अर्धा इंच उतरती ठेवावी. वर्षानुवर्षं अंगण सारवून, माती टाकून पातळी चढत जाते आणि जोतं, म्हणजे घराचा चौथरा, कधी बुडालं ते कळतच नाही. तेवढा थर खरवडून काढला तरी माजघरातली अर्धी ओल जाते.

मग धान्य. त्याला उन्हं दाखवायची ती मे महिन्यात, सकाळी नऊ ते दुपारी तीन. तीनच्या पुढे वळवाचे ढग कधी उठतील सांगता येत नाही. तीन उन्हं पुरतात. दाणा दाताखाली धरला की चेपता कामा नये, कट्ट आवाज करून तुटला पाहिजे. सर्वांत जास्त चूक होते ती इथून पुढे: उन्हातून उचललेलं तापलेलं धान्य तसंच कोठीत भरलं जातं. रात्री पत्रा गार पडतो, आतली ऊब घाम होऊन झाकणाला आणि कडांना धरते, आणि जाळी नेमकी तिथूनच सुरू होते. धान्य रात्रभर सोप्यात पसरून गार होऊ द्यावं, दुसऱ्या दिवशी सकाळी भरावं. कोठी काठोकाठ भरावी, खाली लाकडी फळी, भिंतीपासून एक वीत अंतर. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, ओला पाला स्वतःच बुरशी घेऊन येतो. मूग, चवळी, अख्खा मसूर यांना किलोला एक चहाचा चमचा एरंडेल हाताने चोळावं. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की भुंग्याची अंडी जगत नाहीत. घरचा तांदूळ असेल त्यांनी सगळा एकदम भरडून आणू नये. भात टरफलात असतं तोवर किडीपासून बरंच सुरक्षित असतं, महिन्याला लागेल तेवढंच भरडावं. रवा, बेसन, पोहे पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच आणावेत, आणि रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून ठेवावा.

वर्षाची चटणीही मृगाआधीच. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, निम्मी-निम्मी घेतली तर चव आणि रंग दोन्ही बसतात. मिरची मुठीत दाबली की कुरकुरली पाहिजे. चटणी बिघडते ती जवळजवळ नेहमी कांद्या-लसणामुळे. कांदा गुलाबीवर काढला तर आत पाणी राहतं आणि श्रावणात बरणीच्या तोंडाशी पांढरी बुरशी येते. 1 किलो मिरचीला अर्धा किलो कांदा असेल तर तो पातळ चिरून दिवसभर उन्हात सुकवावा, मग तेलात पूर्ण तांबूस कुरकुरीत करावा. मीठ पाव किलो, भाजून. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावी, वर हिंगाचे दोन-तीन खडे, आणि रोजच्या वापराची वेगळी छोटी बरणी. मोठ्या बरणीत ओला चमचा एकदाही जाता कामा नये.

जळण, शेणी माळ्यावर गेल्या, चटणी भरली, छप्पर झालं, की पहिला जोराचा पाऊस घरात बसून ऐकावा असा असतो. तापलेल्या कौलावर पडलेल्या पाण्याचा वास घरभर उतरतो. कौलाचा आवाज स्लॅबच्या घराला नाही, तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी जपावा. त्या आठवड्यात दिव्याभोवती पंखवाले किडे झुंबड करतात. दारातला दिवा तासभर बंद ठेवून अंगणात लांब एक दिवा लावला की आत कमी येतात. पुढे टाकळ्याची रानभाजी उगवते. वीतभर व्हायच्या आत, कोवळी असतानाच खुडावी, नंतर कडवट लागते. कर्नाटकी बेंदूर, हा बैलांचा सण, होईपर्यंत रान हिरवं झालेलं असतं आणि हुलग्याच्या कढणाची खरी चव याच गारठ्यात कळते.

जुलैत पारा दुपारीसुद्धा 25 च्या आसपासच राहतो आणि दारं अडकायला लागतात. रोजच्या वैतागांत हा पहिला. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं फुगतं, म्हणून दार रुंदीत वाढून चौकटीला घासतं. लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेतला जातो आणि तेच दार मार्चमध्ये खुळखुळतं, फटीतून धूळ येते. पावसाळ्यात रंधा मारूच नये. दार बंद करताना चौकटीत कार्बन पेपर धरला तर नेमकं कुठे घासतं त्याची काळी खूण दारावर उमटते. तिथे मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळावा, आणि बिजागरीचे वरचे स्क्रू आवळावेत. निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतंच, ओघळलेलं असतं. खरं काम फेब्रुवारीचं. दार चौकटीवरून उतरवायचं आणि खालची-वरची कड बघायची. समोरून-मागून तीन हात रंग असतो आणि या दोन कडा कोऱ्या लाकडाच्या असतात, कारण दार बसवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. लाकडाच्या तोंडाशी उघड्या नळ्या असतात, पाणी तिथूनच आत शिरतं. त्या कडांना प्रायमर आणि रंगाचे दोन हात बसले की पुढच्या पावसात फरक हाताला कळतो.

कपड्यांचं थोडक्यात. वास येतो तो कपडा फार वेळ ओला राहिल्याने. मशीनमध्ये दोनदा पिळावं, दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवावं, खाली पंखा लावावा. जीन्सचे खिसे बाहेर काढावेत. इस्त्रीचा गरम कपडा कपाटात ठेवू नये, आधी गार होऊ द्यावा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. शहापुरी साड्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळाव्यात आणि घडी बदलून ठेवावी, त्याच घडीवर वर्षं गेली की रेशीम तिथेच विरतं.

गणपतीच्या आधी रंग काढायचा हा मोह आवरणं सर्वांत कठीण. देव घरात येणार, भिंत स्वच्छ हवी, ही ओढ खरी आहे. पण भाद्रपदात भिंत पोटातून ओली असते. तिच्यावर प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, दिवाळीपर्यंत फुगे येतात आणि त्यामागून पांढरा खार फुटतो. भिंत तयार आहे का ते बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लावावा आणि एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर रंग नको. गणपतीसाठी मखराची भिंत घासून तिला चुन्याचा एक हात द्यावा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. 1 किलो कळीच्या, म्हणजे न विझवलेल्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी. चुना लोखंडी पिंपात, पाण्यात थोडा थोडा सोडायचा, कारण तो उकळतो आणि अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच, मुलं लांब हवीत, आणि प्लास्टिकची बादली या कामाला चालत नाही. एक दिवस मुरल्यावर गाळून घ्यावा, कालवलेल्या चुन्याच्या लिटरला 4 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा आणि नीळ चुन्याच्या किलोला 3 ग्रॅमपर्यंत. हात पातळ द्यावेत. जाड दिला तर वाळताना पापुद्रे सुटतात.

26-27 सप्टेंबरला हस्त लागतो, गडगडाट करून जातो आणि मग जे ऊन पडतं ते या भागातलं वर्षातलं सर्वांत मोलाचं ऊन. गाद्या, घोंगडी, कोठीतलं उरलेलं धान्य, पुस्तकं, सगळं अंगणात यावं. गादी दुपारी दोनला उलटी करावी आणि चार वाजता आत आणावी. संध्याकाळचं दव पडायला लागलेलं असतं, पाचपर्यंत ठेवली तर दिवसभराचं वाळवण फुकट जातं. कपाटं मोकळी करून दारं उघडी ठेवावीत, भिंतींना आठ-दहा दिवस नुसती हवा द्यावी. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट ज्यांना द्यायचाच आहे त्यांनी जानेवारीपर्यंत थांबावं.

तोवर थंडी सुरू होते आणि दही लागेनासं होतं. लिटरभर दुधाला उन्हाळ्यात एक छोटा चमचा विरजण पुरतं, डिसेंबरात दोन लागतात. दूध बोटाला सोसेल इतपत कोमट असावं, आणि भांडं कापडात गुंडाळून पिठाच्या डब्यात पुरून ठेवावं. सकाळी कवडी धरलेली असते.